मेणातली शांताबाई

कुंडलिक इंगळ्याच्या तोंडात तंबाखू होती आणि समोरची मुलगी सांगत होती, अर्धा तास तोंडात काहीही असता कामा नये.

"चहासुद्धा नाही, काका. पाणीसुद्धा नाही."

"आणि तंबाखू?"

"तंबाखू तर मुळीच नाही."

"आत्ता आहे ती?"

"पप्पा, थुंकून या," शेजारच्या खुर्चीतून चेतना म्हणाली. चेतना त्याची मुलगी. बापाला मुलुंडच्या ह्या हॉस्पिटलात आणण्यासाठी तिने अंधेरीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकली होती, आणि ती रजा तंबाखूपायी वाया चालली होती.

कुंडलिक उठला. उजवा गुडघा आधी कुरकुरला, मग नाही म्हणाला, मग कसाबसा तयार झाला. हा गुडघा बदलायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनच्या आधी एक नवीन टेस्ट करून घेऊ. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती लॅबला पाठवायची. ऑपरेशननंतर दुखण्यावर कुठली गोळी तुम्हाला चालेल आणि कुठली नाही, हे त्यातून कळतं. कुंडलिकला वाटलं, हॉस्पिटलवाल्यांना काहीतरी बिलात लावायचं असेल. पण चेतना लगेच हो म्हणाली. एवढ्या लगेच का म्हणाली, हे त्याने विचारलं नाही.

तोंड धुऊन तो परत येऊन बसला. आता अर्धा तास चघळायला काही नव्हतं, म्हणून त्याला ऐकावं लागलं.

मुलीचं नाव ऋता. औषधांच्या विभागात होती. "काका, काही गोळ्या पोटात गेल्या की लगेच औषध होत नाहीत," ती म्हणाली. "लिव्हरमध्ये एक एंझाइम असतं. ते गोळी फोडतं, मग त्यातून खरं औषध तयार होतं."

"म्हणजे गोळी हा कच्चा माल."

"हो."

"आणि ते तुमचं जे काय आहे ते, तो ऑपरेटर."

"बरोबर." ऋता खूश झाली. "आणि हा ऑपरेटर प्रत्येकाचा वेगळा असतो, जन्मापासून. कोणाचा फास्ट, कोणाचा स्लो. काही लोकांत तो नसतोच."

"गैरहजर?"

"कायमचा."

"मग गोळीचं काय होतं?"

"काही नाही होत. साबुदाण्याचा दाणा गिळल्यासारखं. दुखायचं ते दुखत राहतं."

भिंतीवर गुडघ्याचं रंगीत चित्र होतं, ते कुंडलिक बघत राहिला.

"अशी माणसं असतात?" त्याने विचारलं.

"शंभरात दोन-तीन तरी."

चेतना मोबाईलमध्ये बघत होती. तिचं बोट स्क्रीनवर हलत नव्हतं.

*

शांताबाई, म्हणजे कुंडलिकची बायको, जाऊन दोन वर्षं होत आली होती. ती होती तेव्हा घरात तक्रारीला तोटा नव्हता. चहा गोड, पंखा हळू, नवरा घोरतो, बिल्डिंगचा सेक्रेटरी चोर, टीव्हीवरच्या बाईचं ब्लाऊज विटकं. एक कुकर तिने दुकानात तीन वेळा परत नेला. चौथ्या वेळी दुकानदाराने तिला लांबूनच बघितलं आणि आतून नवीन कुकर आणून काउंटरवर ठेवला. मूळची वाशिमकडची. पस्तीस वर्षं विक्रोळीत काढूनही तिचं 'मले' आणि 'काहून' काही सुटलं नाही.

गंमत अशी की कुंडलिकची नोकरीही तक्रारींचीच होती. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं तपासणी खात्यात होता. माल बिजागऱ्या. तिथे पद्धत अशी की प्रत्येक लॉटमधला एक नग चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचा. वर्षभराने नागपूरचा नाहीतर हुबळीचा व्यापारी बोंब मारायचा, तुमची बिजागरी दोन महिन्यांत मोडली. विक्री खात्याचे लोक म्हणायचे, तो व्यापारी खोटारडा आहे. कुंडलिक म्हणायचा, आधी कपाट उघडा. नग काढायचा, तपासायचा, मग कोण खोटारडा ते ठरवायचं.

आणि कपाटात नग नसेल तर? तर तक्रार खरी धरायची. वाद नाही. एकदा एका हेल्परने कपाटातला नग काढून संडासाच्या दाराला लावला. नेमकी त्याच लॉटची तक्रार आली. मॅनेजर कुंडलिकच्या अंगावर धावून आला, की अरे नग नाही म्हणून काय झालं, माल चांगलाच होता, तूच पास केलास. कुंडलिक म्हणाला, मी पास केला, पण दाखवायला आज काय आहे? संडासाचं दार? कंपनीला चारशे बिजागऱ्या फुकट बदलून द्याव्या लागल्या. तेव्हापासून खात्यात त्याला कपाटवाला म्हणायचे.

असा हा कपाटवाला. कारखान्यात तक्रार आली की कपाट उघडायचा आणि घरी तक्रार आली की पेपर उघडायचा.

शांताबाईच्या पित्ताशयात खडे झाले. आत पू झाला होता, म्हणून घाटकोपरच्या हॉस्पिटलात पोट चांगलंच मोठं कापून पित्ताशय काढलं. तिसऱ्या दिवसापासून सुई बंद करून गोळी सुरू केली. गोळी घेऊन झाली तरी शांताबाई कण्हत होती.

"गोळी लागत नाही मले," ती म्हणत होती. "आतून कोणी करवत फिरवून राह्यलंय."

नर्सने पेपर बघितला, डोस बरोबर होता. डॉक्टरांनी टाके बघितले, टाके बरोबर होते. भेटायची वेळ होती. खाटेभोवती आठ माणसं. शांताबाईची धाकटी बहीण कमल, तिचा नवरा, शेजारपाजारचे. शांताबाईने पुन्हा करवत काढली, तेव्हा कुंडलिक सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बास की आता. सिनेमात घालू का तुला?"

सगळे हसले. कमल नाही हसली.

शांताबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. थोड्या वेळाने नर्स आली. तिने रोजच्यासारखं विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतंय? आदल्या दिवशी शांताबाई नऊ म्हणाली होती. आज म्हणाली, "दोन."

त्यानंतर ती दोनच म्हणायची. टाके काढताना दोन. घरी आल्यावर दोन. आठ महिन्यांनी एका दुपारी चेतनाने ऑफिसातून फोन केला, तेव्हा शांताबाईचा आवाज तिला बारीक लागला. काय होतंय, तर छातीत जरा धरलंय. किती? दोन. कुंडलिक तेव्हा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. त्याला तर तिने दोनसुद्धा सांगितलं नाही. संध्याकाळच्या आत संपली.

*

"मेलेल्या माणसाची टेस्ट होते का?" कुंडलिकने ऋताला विचारलं.

"पप्पा," चेतना म्हणाली.

"तू थांब गं. होते का?"

ऋताने आधी चेतनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सॅम्पल लागेल, काका. काहीतरी शरीराचं."

"फणी आहे तिची. कवळीपण आहे. डब्यात ठेवलीय."

"तुम्ही आईची कवळी ठेवलीय?" चेतना म्हणाली.

"टाकू कशी? तीन वेळा नवीन करून घेतली होती तिने त्या डॉक्टरकडून."

ऋता म्हणाली, कवळीवर भरवसा नाही. मग तिने विचारलं, ऑपरेशन झालं होतं का कधी? काय काढलं? पित्ताशय म्हणताच ती सरळ बसली. "काका, काढलेला भाग तपासायला पॅथॉलॉजीत जातो. त्यातला छोटा तुकडा मेणात बसवून ठेवतात. बरीच वर्षं ठेवतात. नातेवाईकांनी अर्ज केला की मिळतो."

"मेणात?"

"मेणाची छोटी वडी असते. तिला ब्लॉक म्हणतात."

"म्हणजे," कुंडलिक सावकाश म्हणाला, "त्यांच्याकडे कपाट आहे."

"कपाटंच कपाटं आहेत."

"आणि नग ठेवलेला आहे."

ऋताला नग कळलं नाही. चेतनाला कळलं. लहानपणापासून तिने बिजागऱ्यांशिवाय दुसरं ऐकलं नव्हतं.

अर्धा तास झाला. कुंडलिकने गालातून काडी फिरवून घेतली आणि बाहेर येता येता जाहीर केलं, तो ब्लॉक तपासून होत नाही तोवर गुडघ्याची तारीख घ्यायची नाही.

"कशासाठी पप्पा? आई परत येणार आहे का?"

"खरं काय ते कळेल."

"कळून?"

खोटं कशाला सांगा, त्याला शांताबाई खोटी निघायला हवी होती. रिपोर्टात यावं की बाईचा ऑपरेटर ठणठणीत होता, गोळी लागू होत होती, बाई नाटक करत होती. मग तो मोकळा. मग 'सिनेमात घालू का' हा नुसता एक विनोद ठरेल, आणि विनोद तर तो आयुष्यभर करत आला होता.

*

घाटकोपरच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी तळघरात होती. लिफ्ट तिथवर जात नव्हती. कुंडलिक अठरा पायऱ्या उतरला, प्रत्येक पायरीला शिवी घालत. खिडकीत हर्षद नावाचा क्लार्क बसला होता. त्याने फॉर्म पुढे सरकवला.

"खाली पेशंटची सही."

"ती वारली."

"मग डेथ सर्टिफिकेट, आधार, आणि तुमची सही. ब्लॉक कशासाठी पाहिजे ते इथे लिहा."

कुंडलिकने लिहिलं: तक्रार.

हर्षदचा चेहरा बदलला. "हॉस्पिटलची तक्रार आहे का, काका? मग वर ऑफिसात जावं लागेल."

"हॉस्पिटलची नाही. माझी."

"तुम्ही तक्रार करताय?"

"माझ्यावर आहे. जुनी आहे. तुम्ही नका मनावर घेऊ."

हर्षदने खोडून 'पुढील तपासणी' असं लिहिलं आणि आत गेला. पाऊण तासाने आला तो प्लास्टिकची छोटी पिशवी घेऊन. आत काड्यापेटीपेक्षा लहान चौकोन, पांढरं मेण, आणि मेणात एक तुकडा, भिजवलेल्या चिंचेच्या रंगाचा. कडेला नंबर. शांताबाई इंगळे, एवढी.

कुंडलिकने खिडकीतच नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघितला. मग उलटून पुन्हा बघितला. हर्षद म्हणाला, "बरोबर आहे, काका." कुंडलिक म्हणाला, "एकतीस वर्षं सगळे असंच म्हणायचे."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मेण वितळेल म्हणून त्याने पिशवी रिक्षावाल्याच्या थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून धरली. रिक्षावाल्याने विचारलं, काय आहे, औषध? कुंडलिक म्हणाला, बायको. रिक्षावाल्याने विक्रोळीपर्यंत पुढचं काही विचारलं नाही.

संध्याकाळी चेतना आली, पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवून उभी राहिली.

"पप्पा. आईला ठेच्याच्या शेजारी ठेवलंय तुम्ही."

"मग कुठे ठेवू? वर बर्फात?"

"लॅबला डायरेक्ट द्यायचं ना."

"आज बंद होती. उद्या देतो."

चेतनाने ठेचा उचलून खालच्या कप्प्यात ठेवला. मग तिला हसू आलं. "तिने बघितलं असतं ना, तर पहिली तक्रार केली असती. फ्रिजला वास येतो म्हणून."

कुंडलिकही हसला. दोघं बराच वेळ हसले आणि मग चेतना मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

*

तीन आठवड्यांनी ऋताने बोलावलं. तिच्यापुढे दोन पाकिटं होती.

"काका, तुमचा रिपोर्ट एकदम नॉर्मल. ऑपरेटर हजर, काम चोख. साधी गोळी तुम्हाला पूर्ण लागू होणार."

"आणि तिचा?"

ऋताने दुसऱ्या पाकिटातला कागद काढला. "काही आलं नाही, काका. मेणात घालायच्या आधी तुकडा रसायनात ठेवतात. त्याने आतला डीएनए तुटतो. कधी कमी तुटतो, कधी जास्त. लॅबने दोनदा करून बघितलं. वाचताच येत नाहीये."

"म्हणजे पास का फेल?"

"दोन्ही नाही. निकालच नाही."

कुंडलिकने कागद घेतला. शेवटच्या ओळीवर ऋताने बोट ठेवून मराठीत सांगितलं: नमुना तपासणीयोग्य नाही.

"चेतनाताईंची टेस्ट करू शकतो," ऋता म्हणाली. "आईकडून त्यांना काय आलं ते कळेल. पण ती अर्धीच गोष्ट होईल. आईची दुसरी बाजू नाही कळणार."

"अर्धी बिजागरी नसते," कुंडलिक म्हणाला.

"पप्पा, आता बास," बाहेर आल्यावर चेतना म्हणाली. "काहीच सिद्ध झालं नाही ना? मग सोडून द्या. आता तारीख घेऊ या."

त्यालाही क्षणभर तसंच वाटलं. काहीच सिद्ध झालं नाही, म्हणजे तो सुटला. तो फाटकापर्यंत ह्याच आनंदात लंगडत गेला. फाटकाच्या दाराला जुनी लोखंडी बिजागरी होती. सवयीने त्याने तिच्याकडे बघितलं आणि तिथेच थांबला.

"काय झालं? दुखतंय?"

"नग नाही कपाटात," कुंडलिक म्हणाला.

"काय?"

"काही नाही. रविवारी स्मृतिदिन आहे ना तिचा? तो होऊ दे. मग घे तारीख."

*

रविवारी कन्नमवार नगरच्या विहारात चाळीसेक माणसं जमली. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. त्रिसरण-पंचशील झालं. शांताबाईच्या फोटोला हार होता, आणि फोटोतही ती फोटोग्राफरला काहीतरी सुनावण्याच्या बेतात होती. मग प्रथेप्रमाणे एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागले. सेक्रेटरी म्हणाला, शांताबाई म्हणजे बिल्डिंगचा आधार. हा तोच सेक्रेटरी. कमलचा नवरा म्हणाला, ताई फार सोशिक होत्या. शेजारची बाई म्हणाली, सोशिक म्हणजे किती, एवढं मोठं ऑपरेशन झालं पण एका शब्दाने कधी कुरकुरल्या नाहीत.

कुंडलिक कधी बोलत नसे. पहिल्या स्मृतिदिनाला तो खुर्च्या मांडत होता. आज खुर्चीचा हात धरून उभा राहिला.

"सोशिक नव्हती," तो म्हणाला. "ओरडत होती. तुम्ही पण होता तिथे. मी गप्प केली तिला."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. सेक्रेटरीने फोन उलटा ठेवला.

"गोळी लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, सिनेमात घालू का. तुम्ही हसलात. मीच हसवलं, तुमची चूक नाही. तर अशी माणसं असतात, की त्यांना ती गोळी लागतच नाही. शंभरात दोन-तीन. ती त्यातली होती का, हे बघायला मी तिचा पित्ताशयाचा तुकडा काढून आणला. फ्रिजमध्ये ठेवला होता."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

"मला वाटत होतं, तिची तक्रार नापास होईल. तिचीच चूक निघेल. पण तुकडा खराब झालेला. निकाल नाही. आता आमच्या खात्यात नियम होता. नग दाखवता येत नसेल तर समोरच्याची तक्रार खरी. चारशे बिजागऱ्या दिल्या होत्या मी त्या नियमावर, मॅनेजर वासुदेवनसाहेब रडायचा बाकी होता. परक्या माणसाला लावला तो नियम. घरच्या बाईला नाही लावला." त्याने फोटोकडे बघितलं नाही, हाराकडे बघितलं. "तर तिला नऊ दुखत होतं. दोन नाही. एवढंच सांगायचं होतं. जेवून जा सगळ्यांनी."

तो बसला. कोणी टाळी वाजवली नाही, वाजवण्यासारखं काही नव्हतंही. कमल आपल्या जागेवरून उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"दाजी," ती म्हणाली, "छातीत दुखत होतं तेव्हा मला फोन केलेला तिने."

कुंडलिकने मान वर केली.

"मी म्हटलं, दाजींना सांग. तर म्हणाली, नको, पेपर वाचून राह्यले."

पंगतीत बुंदी वाढायला लागले होते. कमलने त्याच्यापुढे पत्रावळ ठेवली. "मी पण नाही आले," ती म्हणाली. "मला वाटलं, ताईचं नेहमीचंच."

*

ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईचा जोर उतरला आणि कुंडलिकला कळलं, गुडघा म्हणजे काय असतो. त्याला वाटलं, आत कोणीतरी बिजागरी बसवतंय, तीही वाकडी. भेटायला चेतना आणि कमल आल्या होत्या. दोन्ही हातांनी कॉटला धरून तो असं काही कण्हत होता, की शेजारच्या पेशंटने पडदा ओढून घेतला.

कमलने सफरचंद कापता कापता त्याच्याकडे बघितलं.

"दाजी, सिनेमात घालू का तुम्हाला?"

चेतनाने मावशीला कोपर मारलं. कुंडलिकचं कण्हणं थांबलं.

"घाल," तो म्हणाला. "हक्क आहे तुझा."

नर्स आली. "काका, शून्य ते दहा. किती दुखतंय?"

"नऊ," कुंडलिक म्हणाला. "लिही. आणि कोणाला विचारू नको."

तिने लिहिलं आणि गोळी दिली. त्याने ती पाण्याबरोबर गिळली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. शांताबाईला लागली नाही तशी आपल्यालाही लागू नये, असं त्याला वाटत होतं. निदान आज नको, निदान एक तास नको. कमल सफरचंदाच्या फोडी एकटीच खात होती. चेतना ऑफिसच्या फोनवर होती.

पंचवीस मिनिटं झाली. करवत आधी हळू झाली, मग लांब गेली, मग बंद पडली. पाय हलका झाला. गोळी झकास लागू झाली होती, रिपोर्टात म्हटल्याप्रमाणे अगदी चोख.

"कमी झालं का, दाजी?" कमलने विचारलं.

त्याला त्या गोळीचा इतका राग आला, की उत्तर द्यायला तोंड उघडेना.